उलाढालीचा आकडा म्हणजे आराखडा नव्हे: व्यवसायाच्या नियोजनातील या चुका टाळा

मार्च संपत आला की माझ्या टेबलावर पुढील पाच वर्षांचे आराखडे येऊ लागतात. त्यांत कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या, म्हणजे धातू वितळवून ओतीव भाग करणारे कारखाने असतात, उद्यमनगरातील मशीन शॉप असतात, इचलकरंजीचे यंत्रमागधारक असतात आणि पतसंस्था व शिक्षणसंस्थाही असतात. बाइंडिंग दर वर्षी अधिक सुबक होत चालले आहे, आतील चुका मात्र त्याच राहिल्या आहेत. या चुकांपायी चांगले चाललेले धंदे कर्जात रुतताना मी पाहिले आहेत, म्हणून त्या एकदा सविस्तर लिहून काढतो आहे.

आकडा ठरतो, वाट ठरत नाही

बहुतेक आराखड्यांच्या पहिल्या पानावर ‘२०३० पर्यंत १०० कोटी उलाढाल’ अशा धर्तीचे वाक्य असते. हा आकडा कोठून आला असे विचारले, तर बहुतेक वेळा तो गोल आहे आणि शेजारच्या कारखानदाराने तसाच आकडा सांगितला होता, एवढेच उत्तर निघते. उलाढाल हा परिणाम आहे. कोणत्या ग्राहकासाठी, कोणता माल, कोणत्या बळावर करायचा हे ठरले तर उलाढाल मागून येते. हे न ठरवता आकडा पुढे ठेवला, तर विक्री विभाग मिळेल ती ऑर्डर घेत सुटतो आणि वर्षअखेरीस उलाढाल वाढलेली दिसते, पण हातात पैसा उरत नाही.

याचा हिशोब मी प्रत्येक वेळी कागदावर मांडून दाखवतो. समजा, महिन्याची विक्री १ कोटी आहे आणि ग्राहकाकडून पैसे ९० दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी सुमारे ३ कोटी रुपये बाजारात अडकलेले असतात. विक्री दुप्पट केली आणि वसुलीची मुदत तीच राहिली, तर ६ कोटी अडकतील. हे वाढीव ३ कोटी कोण घालणार? कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या कर्जाची मर्यादा आपोआप वाढत नाही. शिवाय दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून, म्हणजे साठा आणि येणी यांच्या तक्त्यावरून, उचल ठरवताना बँका ९० दिवसांपेक्षा जुनी येणी साधारणपणे धरत नाहीत. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांना त्यांच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत, हे खरे आहे. पण पुढच्या महिन्याचे शेड्यूल, म्हणजे किती माल उचलायचा हे ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध तक्रार करायला किती पुरवठादार धजावतात, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून आराखड्यात कायद्याची मुदत धरू नये, आपल्या वहीत दिसणारी मागील २४ महिन्यांची वसुलीची खरी सरासरी धरावी.

माझी सवय अशी आहे की आराखडा हाती आला की पहिल्या पानावरील आकडा मी हाताने झाकतो आणि मालकाला तीन प्रश्न विचारतो. माल कोणाला विकणार? त्याने आजचा पुरवठादार सोडून तुमच्याकडे का यावे? आणि हे करण्यासाठी आज चालू असलेले कोणते काम तुम्ही बंद करणार? पहिल्या दोन प्रश्नांना बरी-वाईट उत्तरे येतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र खोलीत शांतता पसरते. माझ्या मते जो आराखडा काहीच सोडायला सांगत नाही, तो आराखडाच नव्हे. ऑइल इंजिनच्या सुट्या भागांवर उभ्या राहिलेल्या उद्यमनगरात एका मालकाने साखर कारखान्यांची फुटकळ दुरुस्तीची कामे घेणे बंद केले. त्या कामांत नफ्याचे प्रमाण चांगले होते. पण गळीत हंगामात मध्यरात्री फोन यायचा आणि लेथवर चढवलेला नियमित ग्राहकाचा माल उतरवून तुटलेला शाफ्ट चढवावा लागायचा. नियमित ग्राहकाचे वेळापत्रक कोणामुळे कोसळते आहे, हे त्यांनी सहा महिने नोंद ठेवून शोधले आणि मगच निर्णय घेतला. त्या वर्षी उलाढाल थोडी घटली, पण नियमित ग्राहकाला माल वेळेवर जाऊ लागला आणि त्याने आणखी दोन पार्ट दिले.

गृहीतके डोक्यात राहतात, कागदावर येत नाहीत

ही चूक मला सर्वांत अधिक खुपते, कारण एका प्रकरणात तीत माझाही हात होता.

२०१८ च्या सुरुवातीस शिरोलीतील एका फाउंड्रीचा विस्तार आराखडा करण्याच्या कामात मी होतो. त्या वेळी वाहनउद्योगाची मागणी जोरात होती आणि कारखाना तिन्ही पाळ्यांत चालत होता. एकूण मालापैकी सुमारे दोन तृतीयांश कास्टिंग (ओतीव भाग) एकाच मोठ्या ग्राहकाकडे जात असे. त्या ग्राहकाच्या खरेदी विभागाने तोंडी सांगितले होते की पुढील वर्षी शेड्यूल दीडपट होईल, क्षमता तयार ठेवा. त्या शब्दावर नवी इंडक्शन भट्टी, नवी मोल्डिंग लाइन आणि त्यासाठी मुदत कर्ज असा आराखडा झाला. मी रोख प्रवाहाचे तक्ते केले आणि कर्जफेडीचे गुणोत्तर बँकेला पटेल असे निघाले. शेड्यूल एक तृतीयांशाने घटले तर काय, हा रकाना मात्र आमच्यापैकी कोणीही मांडला नाही. मीही नाही.

व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये स्पर्धेच्या ज्या पाच शक्ती मांडल्या, त्यांत ग्राहकाची ताकद ही एक आहे. ते कोष्टक आमच्या फायलीत होते आणि त्या रकान्यात ‘ग्राहकाशी उत्तम संबंध’ असे लिहिलेले होते. दोन तृतीयांश माल एकाच दारात जात असताना संबंध किती उत्तम आहेत याला फारसा अर्थ नसतो. तो ग्राहक अडचणीत आला की आपण अडचणीत येणारच, एवढेच तेथे लिहायला हवे होते.

२०१९ मध्ये देशभर वाहनांची विक्री घसरली. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराचे बीएस-सहा हे नवे मानक लागू होणार असल्याने जुन्या इंजिनांच्या पार्टचा साठा कोणालाच नको होता. शेड्यूल आधी घटले, नंतर काही आठवडे शून्यावर आले. नवी भट्टी त्याच उन्हाळ्यात बसली होती आणि कर्जाचे हप्ते सुरू झाले होते. त्यातच ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. जो थोडा माल तयार होता तोही कित्येक दिवस आवारात पडून राहिला. मालकाच्या घरी बसून आम्ही जुनी फाइल पुन्हा उघडली, तेव्हा मला एकच गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या पाच-सहा गोष्टींवर सगळा डोलारा उभा होता, त्यांपैकी एकही आराखड्यात वाक्य म्हणून लिहिलेली नव्हती. ती प्रत्येकाच्या डोक्यात होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगवेगळी होती.

तेव्हापासून कोणत्याही आराखड्याचे पहिले पान मी स्वतःच्या हाताने लिहून घेतो. त्याचे शीर्षक असते, ‘आपण हे धरून चाललो आहोत’. त्याखाली जास्तीत जास्त सात वाक्ये असतात: मोठ्या ग्राहकाचे शेड्यूल महिन्याला किती टन, पिग आयर्न (कच्चे लोखंड) आणि स्क्रॅपचा (भंगाराचा) भाव वाढल्यावर दरवाढ किती महिन्यांनी मिळते, वसुली किती दिवसांत, रिजेक्शन (नापास होणारा माल) किती टक्के, विजेचा दर काय, आणि असेच. प्रत्येक वाक्यासमोर दोन आकडे लागतात. पहिला, आज धरलेला. दुसरा, ज्या आकड्याला पोहोचताच आपण नवा खर्च थांबवणार तो. दुसरा आकडा शांत डोक्याने आधीच ठरवावा लागतो. शेड्यूल घसरू लागल्यावर बसलेल्या बैठकीत मालक नेहमी ‘पुढच्या महिन्यात सुधारेल’ असेच म्हणतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्या यंत्रावर त्याचे घर तारण असते.

हे पान टाइप करू नये असे माझे मत आहे. हाताने लिहिलेले वाक्य माणूस स्वतःचे मानतो, टाइप केलेले सल्लागाराचे मानतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा चौकोन भरला म्हणजे विचार झाला असे मानू नका. ‘अनुभवी मनुष्यबळ’ आणि ‘दर्जेदार उत्पादन’ हे शब्द मी प्रत्येक चौकोनात वाचतो. जे शेजारचाही लिहू शकतो, ते आपले बलस्थान नव्हे.

शेजाऱ्याने घेतले म्हणून यंत्र घेऊ नका. इचलकरंजीत साधे माग मोडून बिनधोट्याचे माग घेणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे आधी कापडाचा ग्राहक होता ते टिकले. ज्यांनी आधी माग आणला आणि मग ग्राहक शोधला, ते दुसऱ्याचे कापड मजुरीने विणत हप्ते भरत आहेत. गुळाच्या पावडरीचेही तेच: पॅकिंग यंत्र आधी आणि दुकान नंतर हा क्रम चुकीचा आहे.

आराखडा इंग्रजीत लिहून फोरमनला देऊ नका. भट्टीवरच्या माणसाला जे वाचता येत नाही, ते त्याच्याकडून घडण्याची अपेक्षा ठेवू नये.

पन्हाळ्यावर एक दिवसाचे शिबिर घेऊन आराखडा पूर्ण होत नाही. हवा चांगली असते, जेवण चांगले होते, पण वसुलीची वही खाली ऑफिसात राहते.

वडील आणि मुलगा यांचे एकमत झालेले नसताना आराखडा छापू नका. वडिलांना कर्ज नको असते आणि मुलाला नवे शेड हवे असते. हा प्रश्न सल्लागारासमोर सोडवण्याचा नाही, घरी बसून सोडवण्याचा आहे. तो सुटला नाही, तर बाकी सगळी पाने वाया जातात.

संस्थांची चूक वेगळी असते

सहकारी संस्थांच्या संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची असते आणि आराखडाही नेमका पाच वर्षांचा असतो. हा योगायोग नसतो. पहिले वर्ष निवडणुकीनंतरची घडी बसवण्यात जाते, शेवटचे पुढच्या निवडणुकीच्या तयारीत, आणि मधल्या तीन वर्षांत लोकांना दिसेल असे काहीतरी उभे करायचे असते. म्हणून इमारत होते, शाखा होतात, कमान होते. थकबाकीची वसुली, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, संगणक प्रणाली बदलणे ही कामे फोटोत दिसत नाहीत, त्यामुळे ती ‘पुढील टप्प्यात’ या शीर्षकाखाली जातात. एका पतसंस्थेच्या आराखड्यात मी २७ उद्दिष्टे मोजली आणि त्यांपैकी कोणते आधी, असे विचारले. अध्यक्षांनी सांगितले की प्रत्येक उद्दिष्ट एकेका संचालकाने सुचवलेले आहे, म्हणून कोणतेही खाली ठेवता येणार नाही. ते प्रामाणिकपणे बोलले याचा मला आदर वाटला, पण त्या यादीला आराखडा म्हणणे मला मान्य नाही.

आपल्या मुदतीपलीकडे पाहणे कसे असते याचे उदाहरण याच जिल्ह्यात उभे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले आणि १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले. पुढच्या माणसाला काम पुरे करता येईल इतके स्पष्ट ते मागे ठेवलेले होते. संस्थांना मी इतकेच सांगतो की तीन कामे निवडा, त्यांपैकी किमान एक असे असू द्या की त्याचे फळ पुढच्या मंडळाला मिळेल, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात त्या तिन्हींची प्रगती आकड्यांत छापा. सभासद वाचतात. ते बोलत नसले तरी वाचतात.

घाई

अलीकडे तरुण उद्योजक तयार नमुना उतरवून घेतात, रिकाम्या जागी आपल्या कंपनीचे नाव घालतात आणि दोन दिवसांत ४० पानांचा दस्तऐवज करतात. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुक आहे, परंतु या आडवाटेने वाचलेला वेळ पुढे कित्येक पटींनी खर्च होतो. नमुन्यात ‘बाजारपेठेचे विश्लेषण’ असा मथळा असतो आणि त्याखाली देशाच्या बाजारपेठेचे आकडे येतात. त्यापेक्षा आपल्या पहिल्या दहा ग्राहकांकडे स्वतः जावे, त्यांच्या स्टोअरमध्ये उभे राहावे आणि आपला माल कोणाच्या मालाशेजारी ठेवलेला आहे ते पाहावे. याला एक महिना लागतो. ज्यांना एक महिना देता येत नाही, त्यांनी पाच वर्षांचा आराखडा करण्याच्या फंदात पडू नये आणि वर्षाचे अंदाजपत्रक नीट सांभाळावे. तेही पुष्कळ आहे.

आराखडा कपाटात जाऊ नये यासाठी मी फार काही करत नाही. हाताने लिहिलेल्या त्या पानाची एक प्रत डिस्पॅच टेबलाच्या काचेखाली ठेवतो आणि प्रत्येक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मालक, हिशोबनीस आणि फोरमन यांच्यासह अर्धा तास ते वाचतो. चालू आकडा पेन्सिलने लिहितो. थांबण्याच्या आकड्याला कोणते वाक्य पोहोचले एवढेच पाहतो, दुसरा विषय काढू देत नाही.

शिरोलीची ती फाउंड्री आज चालू आहे. तिला कर्जाची पुनर्रचना करून घ्यावी लागली आणि जुने शेड भाड्याने द्यावे लागले, पण त्यांनी पंप आणि व्हॉल्व्हच्या कास्टिंगचे दोन ग्राहक जोडले आणि मोठ्या ग्राहकाचा वाटा निम्म्याखाली आणला. त्यांच्या पानावरील सातवे वाक्य होते: ‘महामार्ग पावसाळ्यात चालू राहील असे आपण धरलेले नाही.’ त्यासमोर दर जूनअखेर ग्राहकाच्या कारखान्याजवळील भाड्याच्या गोदामात दहा दिवसांचा माल नेऊन ठेवायचा, असे लिहिले होते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी पुन्हा महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली, तेव्हा त्यांचा माल पुराच्या पलीकडे आधीच पोहोचलेला होता.