मन वेधून घेणारं आधुनिक घर कसं पाहावं

एखाद्या घराच्या फोटोवरून नजर हटत नाही, तेव्हा आधी मापं काढा. दरवाजा साधारण २.१ मीटर उंच असतो. फोटोत त्याची उंची पट्टीने मोजून कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावरच्या भिंती आणि खिडक्यांशी ताडून पाहा. फोटो वाइड अँगल लेन्सने काढलेला असेल, तर कडेच्या गोष्टी ताणलेल्या दिसतात आणि खोली आहे त्याहून ऐसपैस वाटते. म्हणून फोटोवर भुलून न जाता प्लॅन (वरून पाहिलेला नकाशा) आणि सेक्शन (घर उभं कापल्यासारखं दाखवणारं चित्र) मिळवा. घराची खरी गंमत सेक्शनमध्येच कळते: छत कुठे खाली येतं, उजेड कुठून उतरतो.

मग अधांतरी स्लॅब, म्हणजे खाली खांब नसताना भिंतीबाहेर आलेला स्लॅब पाहा. जेवढा भाग बाहेर, त्याच्या निदान दुप्पट आत धरलेला असावा, हा ढोबळ हिशेब. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या फॉलिंगवॉटर या धबधब्यावरच्या घराच्या अधांतरी गच्च्या आजही वेड लावतात, पण त्या हळूहळू खाली झुकल्या आणि २००२ मध्ये पोलादी केबल ताणून त्यांना सावरावं लागलं.

स्लॅबच्या कडेखाली वाकून जरूर बघा. तिथे बोटभर आत एक बारीक खाच असते. पावसाचं पाणी तिथेच तुटून खाली पडतं. खाच नसेल तर ते स्लॅबच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येतं आणि पांढऱ्याशुभ्र भिंतीवर काळे ओघळ उठतात. सपाट दिसणाऱ्या छतालाही १०० सेंटीमीटरला किमान १ सेंटीमीटर उतार लागतोच.

शेवटी नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात लिहा. ‘काच’ एवढंच पुरेसं नाही. ‘बसल्या जागेवरून झाड दिसतं’ असं लिहा. तेवढं लहान घरातही साधता येतं.