बहुसंख्य असलात तरी भाषेवरून झालेल्या भेदभावाची तक्रार करता येते

"तुम्ही तर बहुसंख्य, तुमच्यावर कसला अन्याय?" हा प्रश्न कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, मराठीबहुल खानापूर तालुक्यातल्या मराठी माणसाला ऐकावा लागतो आणि बेळगावात मराठी गल्लीत खोली शोधणाऱ्या कन्नड भाडेकरूलाही. मोजमाप कुठे धरायचं यावर सगळं अवलंबून. भाषिक अल्पसंख्याक ठरवताना कायदा राज्य धरतो, तालुका किंवा गल्ली नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तेच सांगितलं. म्हणून कायद्याच्या लेखी खानापूरचा मराठी माणूस अल्पसंख्य, आणि गल्लीत एकटा पडलेला कन्नड भाडेकरू बहुसंख्य. पूर्वग्रहाला हा हिशोब कळत नाही.

तक्रारीच्या अर्जात राज्यघटनेचं कलम नीट निवडा. कलम ३५० अ, म्हणजे मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, फक्त अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी. कायद्यापुढे समानतेचं कलम १४ आणि सरकारी किंवा अनुदानित संस्थेतल्या प्रवेशाचं २९(२) सगळ्यांना. तिथे तुमची संख्या कोणी विचारत नाही. कलम १५ मध्ये वंश, जात, धर्म, लिंग, जन्मस्थान आहे, भाषा नाही. भाषेच्या तक्रारीत नुसतं १५ लिहिलं की अर्ज तिथेच कच्चा पडतो.

पुरावा त्याच दिवशी टिपा: तारीख, वेळ, कचेरीतली खिडकी, साक्षीदार. बोललेले शब्द मूळ भाषेत लिहा, भाषांतर करू नका. कन्नडमधलं आदराचं 'नीवु' सोडून एकेरी 'नीनु' म्हटलं हे मराठीत 'तू' लिहिलं की अर्धं हरवतं, आणि इकडच्या बोलीत 'काय रे' आपुलकीचंही असतं! त्यामुळे शब्दापेक्षा वागणूक दाखवा. तुमच्यासारखाच कागद दिलेल्या दुसऱ्या भाषेच्या माणसाचं काम आधी झालं का, ते माहिती अधिकारात मागा: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कर्नाटकात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लावायची घाई नको. ते भाषिक गटांत वैर पसरवण्याचं आहे. एकट्याला केलेल्या शिवीगाळीवर ते टिकत नाही. घरमालकाने खोली नाकारली तर वरच्यापैकी एकही कलम सरळ लागत नाही, दुसरी खोली बघा.

कचेरीत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती त्याच प्रतीला टाचा.