ओळखीचे शब्द तपासून कसे घ्यावेत

ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावर घर पाहायला निघालेल्या माणसाच्या हाती जे माहितीपत्रक पडते, त्यात शब्द सगळे ओळखीचेच असतात, आणि ओळखीच्या शब्दाचा अर्थ कोणी विचारत नाही म्हणूनच बांधकाम कंपनीला त्यात आपला अर्थ भरता येतो. तेव्हा प्रथम पेन्सिल घेऊन असे शब्द अधोरेखित करावेत आणि प्रत्येकातून किती चौरस फूट, किती रुपये किंवा कोणती जबाबदारी निघते ते समासात लिहावे. 'निसर्गाच्या कुशीत' या शब्दांपुढे समास कोराच राहतो. तिथला येऊरचा डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, विकासकाच्या सातबाऱ्यावर नव्हे.

क्षेत्रफळाच्या बाबतीत अधिक सावध राहावे. 'सुपर बिल्ट-अप' या आकड्यात जिना, लिफ्ट आणि लॉबी यांचा वाटा मिसळलेला असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या ठरवून दिली आहे: त्यात घरातील आतल्या भिंतींची जागा धरली जाते, बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची मात्र वगळली जाते. (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, ही वेगळी गोष्ट आहे, तो भूखंडावर किती बांधता येईल हे सांगतो.) म्हणून दर नेहमी चटई क्षेत्रावर काढून मगच दोन इमारतींची तुलना करावी. जाहिरातीत महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक आहे. त्यावरून महारेराच्या संकेतस्थळावरील नोंदी पाहाव्यात.

हीच रीत नोकरीच्या शब्दांनाही लावावी. वाशीत दारी जेवण पोहोचवणाऱ्याला कंपनी 'पार्टनर' म्हणते. १९३२ च्या भागीदारी कायद्यात मात्र भागीदारी म्हणजे धंद्याचा नफा वाटून घेण्याचे ठरलेल्या व्यक्तींमधील नाते. त्या मुलाला नफ्यात वाटा आहे का, एवढे विचारले की पुरे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये 'गिग कामगार' (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारा) आणि 'प्लॅटफॉर्म कामगार' (ऑनलाइन मंचामार्फत काम करणारा) हे शब्द आहेत. अर्ज-तक्रारीत तेच वापरावेत.

माहितीपत्रक रद्दीत टाकू नये. त्यातील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते, आणि त्या वेळी तोच अधोरेखित कागद पुरावा म्हणून पुढे ठेवता येतो.