कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकवू इच्छिणाऱ्या एमटेकच्या विद्यार्थ्यांसाठी

यंत्र अभियांत्रिकीत एमटेक करत असताना मी ऐरोलीत संध्याकाळी पदवीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या काही मुलामुलींना शिकवतो. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना प्रथम सांगावेसे वाटते ते हे, की विद्यार्थी जिथे अडल्याचे सांगतो तिथे तो बहुधा अडलेला नसतो. खरी अडचण त्याच्या एक-दोन पायऱ्या अलीकडेच असते.

पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांच्या बाबतीत हे विशेष जाणवते. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांच्या वाट्याला आलेले नसते आणि तिसऱ्या सत्रात लाप्लास रूपांतर (अवघड समीकरणे सोप्या रूपात आणून सोडवण्याची गणिती पद्धत) समोर उभे राहते. ‘लाप्लास जमत नाही’ म्हणणाऱ्याला सूत्रे पुन्हा समजावण्याऐवजी एक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला सांगावे. व्यस्त रूपांतर काढताना, म्हणजे उत्तर पुन्हा मूळ रूपात आणताना, त्याचे पेन पार्शल फ्रॅक्शनपाशी (मोठा अपूर्णांक सोप्या अपूर्णांकांत फोडण्यापाशी) थांबते आणि त्या दिवशी काय शिकवायचे ते आपोआप ठरते.

मेकॅनिक्समध्ये घर्षणाची गोष्ट तशीच आहे. सपाट जमिनीवर १० किलो वस्तुमानाचा ठोकळा आहे, स्थितिक घर्षणांक ०.४ आहे आणि तो स्थिर असताना २० न्यूटन बलाने आडवा ओढला, तर घर्षणबल किती, असे विचारले की बरेच जण घर्षणांकाला लंब प्रतिक्रियेने (जमीन ठोकळ्याला वर ढकलते त्या बलाने) गुणून ३९.२४ न्यूटन असे उत्तर देतात. ती घर्षणाची कमाल मर्यादा झाली. ठोकळा हललेलाच नसल्यामुळे घर्षणबल २० न्यूटन एवढेच असते. उत्तर खोडून न काढता ‘घर्षण ओढीपेक्षा जास्त आहे, मग ठोकळा मागे का सरकत नाही?’ एवढेच विचारावे आणि फ्री बॉडी डायग्राम (ठोकळ्यावरची सर्व बले दाखवणारी आकृती) त्यालाच काढू द्यावी. परीक्षा आठवड्यावर आली की असा धीर धरणे कठीण जाते, हेही खरे.

पैशांचा विषय आधीच स्पष्ट करावा. गेट या एमटेक प्रवेशासाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या आधारे दरमहा १२,४०० रुपयांची एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची) शिष्यवृत्ती मिळत असेल, तर त्या काळात अन्य पगार किंवा विद्यावेतन घेता येत नाही. त्यामुळे शिकवणीचे शुल्क घेण्यापूर्वी आपल्या विभागात विचारून घ्यावे. प्रबंधाच्या कामाचे दिवसही पालकांना आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण परीक्षेच्या तोंडावर फोन कोणत्याही वेळी येतात.

‘नोकरी धरू की एमटेक करू?’ हा प्रश्न पुढे येतोच, आणि त्याचे उत्तर आपल्या अनुभवावरून देण्याचा मोह टाळावा. घरची परिस्थिती आपल्याला पूर्ण ठाऊक नसते. मी एवढेच सांगतो, की गेट तिसऱ्या वर्षातही देता येते आणि तिचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात. म्हणजे नोकरी करून पाहिल्यानंतरही एमटेकचा विचार करायला वेळ उरतो.