सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन नव्याला दिलं आणि मेल परत यायला लागले? या चुका टाळा

छोट्या ऑफिसात हे सर्रास चालतं. अकाउंट्सवाला नोकरी सोडतो, त्याच्या जागी नवीन मुलगी जॉइन होते, मालक म्हणतात नवीन लायसन्सचा खर्च कशाला, त्याचंच लॉगिन दे हिला, नाव तेवढं बदल. ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं तो नाव बदलतो, नाहीतर जुनं अकाउंट उडवून त्याच पत्त्याने नवं बनवतो, पासवर्ड कागदावर लिहून देतो, काम झालं. मग लगेच कोणीतरी ओरडतं, अगं तुला मेल टाकला होता, परत आला! आणि गंमत म्हणजे पार्टीचे मेल व्यवस्थित येत असतात, बाजूच्या टेबलावरून पाठवलेलाच तेवढा परत जातो.

म्हणजे भाडेकरू बदलला, दारावरची पाटी बदलली, पण गॅस, वीजबिल आणि पेपरवाला अजून जुन्याच नावावर. लॉगिन हे फक्त नाव आणि पासवर्ड नसतं, त्याची आठवण दुसऱ्यांच्या आउटलुकमध्ये, स्कॅनरमध्ये, कुठल्यातरी जुन्या रूलमध्ये (आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं ते सेटिंग) शिल्लक असते.

परत आलेला मेल न वाचताच पुन्हा सेंड दाबणं

सगळे हेच करतात. तो इंग्रजीतला लांबलचक मेल उघडायचाच कंटाळा. पण उत्तर त्यातच असतं. त्यात एक आकड्यांचा कोड असतो, तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती, सर्व्हर स्वतःच परत प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर शंभर वेळा पाठवा, शंभर वेळा परत येणार. ५.१.१ किंवा ५.१.१० म्हणजे असा पत्ता सापडला नाही. ५.२.२ म्हणजे बहुतेक वेळा मेलबॉक्स भरलाय, आणि जुन्या माणसाने वर्षानुवर्षं काही डिलीट केलेलं नसतं त्यामुळे हे पण बऱ्यापैकी दिसतं.

कोडइतकंच महत्त्वाचं म्हणजे त्यात पत्ता कोणाचा लिहिलाय ते बघा. ज्याला पाठवला त्याचाच आहे, की भलताच? हे कशाला ते पुढे येतंच.

अकाउंट डिलीट करून त्याच पत्त्याने नवीन बनवणं

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा ऑफिसातला स्वतःचा एक्स्चेंज सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचाच मेल सांभाळणारा) असेल तर सगळ्यात जास्त डोकं इथे जातं. आउटलुकमध्ये तुम्ही पत्ता बघता तो आपला नेहमीचा ॲट द रेटवाला, पण ऑफिसातल्या ऑफिसात मेल पाठवताना एक्स्चेंज आतून एक वेगळाच लांब पत्ता वापरतं, त्याला एक्स५०० (X500) म्हणतात. जुनं अकाउंट उडवून त्याच नावाचं नवं केलं की बाहेरून दिसणारा पत्ता तोच राहतो, आतला बदलतो. आणि सगळ्यांच्या आउटलुकने टू मध्ये दोन अक्षरं टाइप केली की जे नाव सुचवायचं असतं त्यात जुना आतला पत्ता साठवलेला असतो. म्हणून जीमेलवरून पाठवलेला मेल पोचतो, शेजारच्याचा परत येतो. जुन्या मेलला रिप्लाय केला तरी तेच, जुन्या मीटिंगला अपडेट पाठवला तरी तेच.

ओळखायचं कसं? परत आलेल्या मेलमध्ये आयएमसीईएईएक्स (IMCEAEX) अशा अक्षरांनी सुरू होणारा भलामोठा पत्ता दिसला की समजायचं हेच.

झटपट उपाय, टू मध्ये नाव टाइप करा, सुचवलेल्या नावापुढची फुली दाबून ते काढून टाका आणि ॲड्रेस बुकमधून नाव नव्याने निवडा. पण ऑफिसात चाळीस माणसं असतील तर प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन हे कोण करणार, आणि रिप्लायचा प्रश्न त्याने सुटत नाहीच. त्यापेक्षा तो जुना आतला पत्ताच नव्या मेलबॉक्सला जादा पत्ता म्हणून जोडा, प्रकार एक्स५००. परत आलेल्या मेलमधून तो लांब पत्ता कॉपी करायचा, सुरुवातीचं आयएमसीईएईएक्स आणि त्याला चिकटलेला डॅश काढायचा, शेवटचं ॲट द रेट आणि त्यापुढचं डोमेन काढायचं, प्रत्येक अंडरस्कोअरच्या जागी स्लॅश, +२० च्या जागी स्पेस, +२८ आणि +२९ च्या जागी सुरू आणि बंद होणारा कंस. एक अक्षर चुकलं तरी चालत नाही, त्यामुळे हाताने टाइप करायच्या फंदात पडू नका. युजर ऑफिसातल्या सर्व्हरवरून क्लाउडला सिंक होत असतील तर हा बदल सहसा ऑफिसातल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतच (सर्व्हरवरची युजरची यादी) करावा लागतो, क्लाउडमध्ये करायला दिला जात नाही.

अकाउंट नुकतंच डिलीट केलं असेल तर आधी रिस्टोअर करता येतंय का बघा. मायक्रोसॉफ्टमध्ये डिलीट झालेला युजर ३० दिवस परत आणता येतो, गूगल वर्कस्पेसमध्ये २० दिवस. मात्र हा विचार त्याच पत्त्याचं दुसरं अकाउंट बनवायच्या आधी करायचा, नंतर दोघांची टक्कर होते.

फक्त नाव बदलणं आणि आतलं काही न बघणं

डिलीट न करता नुसतं नाव बदललं तर वरचा घोळ होत नाही, पण जुन्याचे रूल आणि फॉरवर्डिंग तसेच राहतात. त्याने कधीतरी सुट्टीवर जाताना सगळे मेल दुसऱ्या सहकाऱ्याला फॉरवर्ड लावलेले असतात, आता तो सहकारीही नोकरी सोडून गेलेला असतो. मग मेल नव्या मुलीला मिळतो, आणि तरीही पाठवणाऱ्याला पोचला नाही असं उत्तर जाऊ शकतं, त्यात त्या सहकाऱ्याचा पत्ता असतो. म्हणून म्हटलं पत्ता वाचा! स्वतःच्या पर्सनल मेलवर फॉरवर्ड लावलेलं असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ते आपोआप अडवतं आणि ५.७.५२० कोड येतो, तो आला तर अडवणूक उठवू नका, फॉरवर्डिंग काढा. हे फॉरवर्डिंग दोन ठिकाणी असू शकतं, आउटलुकच्या रूलमध्ये आणि ॲडमिनकडून मेलबॉक्सवर, लोक एक बघतात आणि दुसरं विसरतात.

पासवर्ड बदलला, पण स्कॅनरला सांगितलंच नाही

स्कॅन करून मेल करणारं मशीन, टॅलीतून जाणारी बिलं, वेबसाइटचा चौकशीचा फॉर्म, यातल्या कशात तरी त्या जुन्या माणसाचं लॉगिन भरलेलं असतंच. पासवर्ड बदलला की ५३५ एरर. गूगलमध्ये तर अकाउंटचा पासवर्ड बदलला की त्याचे ॲप पासवर्डही (मशीन किंवा ॲपसाठी वेगळे बनवलेले) रद्द होतात, नवा बनवून मशीनमध्ये टाकावा लागतो. आणि लॉगिन नवं पण फ्रॉममध्ये पत्ता दुसऱ्याचाच ठेवला तर ५.७.६० येतो, म्हणजे या नावाने पाठवायची तुला परवानगी नाही.

याच्या उलट, पासवर्ड बदललाच नाही तर? होस्टिंगवाल्या स्वस्त मेलमध्ये हे फार. जुन्या लॅपटॉपवर पॉप (सर्व्हरवरचे मेल मशीनवर उतरवून घ्यायची पद्धत) लावलेलं असतं, तो लॅपटॉप आता कोणाच्या तरी घरी, आणि आलेले मेल तिथे उतरून सर्व्हरवरून गायब. मेल परत जात नाही, एरर नाही, काहीच नाही, नुसता इनबॉक्स रिकामा! तेव्हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि टू स्टेपला (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) लावलेला जुना मोबाइल नंबरही काढा.

मग करायचं काय

मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर जुन्या माणसाचा मेलबॉक्स शेअर्ड, म्हणजे इतरांना आपापल्या लॉगिनमधून उघडता येईल असा, करून टाका, ५० जीबीपर्यंत त्याला लायसन्स लागत नाही, आणि सुटलेलं लायसन्स नव्या मुलीच्या स्वतःच्या अकाउंटला द्या, म्हणजे मालकही खूश. फक्त क्रम पाळा, आधी शेअर्ड करायचं, मग लायसन्स काढायचं, लॉगिन ब्लॉक करायचं पण मूळ युजर डिलीट करायचा नाही, तो उडवला की मेलबॉक्सही जातो. जीएसटी पोर्टल किंवा बँकेत तोच पत्ता दिलेला असेल तर ओटीपी तिथेच येत राहतात, ते बदलून घ्यायला थोडा वेळ मिळतो.

झालं असं वाटलं की तीन ठिकाणांहून तपासा. बाहेरच्या जीमेलवरून, ऑफिसातल्या आउटलुकमध्ये सुचवलेलं नाव निवडून, आणि एखाद्या जुन्या मेलला रिप्लाय करून. तिन्हीपैकी एखादा अडला तर ॲडमिन सेंटरमधलं मेसेज ट्रेस उघडा, गूगलवाल्यांनी ईमेल लॉग सर्च, मेल नेमका कुठे थांबला ते तिथे दिसतं.