पीएचपी ८ केल्यावर वर्डप्रेस साइट बंद: माझा अनुभव

होस्टिंगवर पीएचपी (वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालतं ती) ७.४ वरून ८.० केलं आणि साइटवर ‘गंभीर त्रुटी’चा संदेश. अ‍ॅडमिनही उघडेना. कॅशे साफ केला, बॅकअप चढवला. पीएचपी तेच, मग फरक काय पडणार! डोकं फिरलं.

शेवटी डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये त्रुटींची नोंद चालू केली: डब्ल्यूपी_डीबग आणि डब्ल्यूपी_डीबग_लॉग ट्रू केले, डब्ल्यूपी_डीबग_डिस्प्ले फॉल्स (नाहीतर एरर सगळ्यांना दिसतात). साइट रीफ्रेश केली. डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या डीबग.लॉगमध्ये कारण सापडलं: ‘क्रिएट_फंक्शन’ हे पीएचपीमधलं जुनं फंक्शन. पीएचपी ७.२ पासून कालबाह्य, ८.० मध्ये काढूनच टाकलेलं. त्याच ओळीत एका जुन्या स्लायडर प्लगिनचा (सरकती चित्रं दाखवणारी जोड) पत्ता. फाइल मॅनेजरमधून फक्त त्याच फोल्डरचं नाव बदललं, तसं प्लगिन बंद झालं आणि अ‍ॅडमिन उघडलं. मग प्लगिनची नवी आवृत्ती टाकून जुना फोल्डर उडवला.

नंतर डीबग फॉल्स करून लॉग पुसा. ती फाइल बाहेरूनही वाचता येऊ शकते.