हाडात रॉड की प्लेट? शस्त्रक्रियेपूर्वी इम्प्लांट कसे समजून घ्यावे

एक्स-रे पाहून डॉक्टर "रॉड टाकावा लागेल" किंवा "प्लेट बसवू" असे सांगतात, तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा कंपनीचा आणि किमतीचा असतो. त्याआधी हाड नेमके कुठे मोडले आहे आणि तेथे इम्प्लांटने, म्हणजे शरीरात बसवायच्या रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांध्याने, कोणते काम करायचे आहे, हे विचारावे, कारण निवड मुख्यतः त्यावरच ठरते.

प्रौढ व्यक्तीच्या मांडीचे किंवा नडगीचे हाड मधोमध मोडले असेल, तर हाडाच्या पोकळीतून रॉड घालून त्याच्या दोन्ही टोकांना आडवे स्क्रू लावण्याची पद्धत रूढ आहे. रॉड हाडाच्या मध्यातून जात असल्याने शरीराचा भार त्याला चांगला पेलता येतो, शिवाय छेद मोडलेल्या जागेपासून दूर घेता येत असल्याने तेथील रक्तपुरवठा बराचसा शाबूत राहतो. मोड सांध्यात शिरली असेल, तर मात्र सांध्याचा पृष्ठभाग तुकड्यातुकड्याने जुळवावा लागतो आणि ते काम प्लेट व स्क्रूंचे आहे. कोपर ते मनगट या भागातील दोन हाडांनाही प्रौढांमध्ये सहसा प्लेटच लावतात. त्यांचा नैसर्गिक बाक बिघडला, तर तळहात उलटासुलटा फिरवणे कठीण होते.

ज्येष्ठांच्या खुब्याजवळची मोड अधिक नीट समजून घ्यावी. मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हणजे वरच्या टोकाच्या गोळ्याखालील अरुंद भागात, मोड होऊन तुकडे सरकले असतील, तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका मोठा असतो. असे हाड जोडूनही ते जुळेलच याची खात्री नसते, म्हणून वयस्कर रुग्णांमध्ये बहुधा गोळाच बदलतात आणि काहींना गोळा ज्यात फिरतो त्या कमरेच्या हाडातील वाटीसह पूर्ण सांधा बसवतात. मोड मानेच्या थोडी खाली असेल, तर तेथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने हाड सहसा जुळते, आणि मग रॉड किंवा प्लेटसह सरकता स्क्रू (तुकडे एकमेकांवर दाबले जातील तसा सरकणारा) पुरतो. शेजारच्या खाटेवरील आजींचा सांधा बदलला आणि आपल्या आईला रॉडच का, या शंकेचे उत्तर अनेकदा या काही सेंटिमीटरच्या फरकात असते.

टायटॅनियम म्हणजे उत्तम आणि स्टील म्हणजे दुय्यम, ही समजूत खरी नाही. टायटॅनियमचे मिश्रधातू स्टीलपेक्षा कमी ताठर असतात आणि एमआरआयच्या चित्रात कमी अडथळा आणतात. पण टायटॅनियमच्या प्लेटमध्ये घट्ट बसलेले लॉकिंग स्क्रू (प्लेटच्या छिद्रातील आट्यांत अडकणारे) पुढे काढताना शल्यविशारदाला घाम फुटू शकतो. योग्य मापाचे आणि नीट बसवलेले स्टीलही आपले काम चोख करते.

इम्प्लांट हाड जुळवत नाही. हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवते. हाड जुळलेच नाही, तर पुन्हापुन्हा वाकवलेल्या तारेसारखी मजबूत प्लेटही अखेर तुटते. म्हणून पायावर किती वजन कधी टाकायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, तंबाखू आणि धूम्रपान बंद करावे आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. जखमेतून स्राव येऊ लागला किंवा ताप आला, तर घरगुती उपाय न करता तत्काळ दाखवावे, कारण धातूवर जिवाणूंचा थर एकदा जमला की केवळ औषधांनी तो निघणे अवघड असते.

इम्प्लांटच्या वेष्टनावरील स्टिकर घरी ठेवायच्या कागदांवर चिकटवून मागावेत; त्यांवर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक (वस्तू कोणत्या खेपेत बनली तो क्रमांक) असतो. २०१० साली डेप्यू कंपनीने एएसआर नावाचे खुब्याचे कृत्रिम सांधे जगभरातून परत मागवले, तेव्हा आपल्या शरीरातील सांधा त्यांपैकीच आहे का, हे कळण्यासाठी अशा नोंदीच लागल्या. गुडघ्याचा सांधा बदलत असल्यास बिलात इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवण्यास सांगावे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने तिच्यावर कमाल मर्यादा घातली. त्या आदेशात रॉड आणि प्लेट नाहीत.

हाड जुळल्यावर इम्प्लांट काढलेच पाहिजे असे नाही. प्रौढांमध्ये ते टोचत असेल, दुखत असेल किंवा संसर्ग झाला असेल तर काढण्याचा विचार होतो. काढल्यानंतर स्क्रूंची छिद्रे भरेपर्यंत हाड तेथे कमकुवत असते, त्यामुळे धावणे आणि जड ओझे उचलणे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत टाळावे.